अंगठ्यावरच्या तीन ओळी

मी पोलिसातली नोकरी का सोडली, याची एक छान गोष्ट आमच्या गावात सांगितली जाते. तीत मी देशासाठी नोकरीवर लाथ मारतो. त्या गोष्टीच्या जोरावर मला दरसाल शाळेत बोलावतात, खुर्चीवर बसवतात, हातात नारळ देतात, आणि मी तो निमूटपणे घरी आणतो. थळात नारळांना काही तोटा नाही. खोट्याचा नारळ घशाखाली उतरत नाही म्हणतात, तेही खरं नाही. चांगला उतरतो. इतकी वर्षं उतरतो आहे.

आता वय झालं. खरं सांगितल्याने कुणाचं काही बरंवाईट होईल, ती वेळ कधीच टळून गेली. म्हणून तर सांगायला बसलो आहे. वेळ टळल्यावर खरं बोलायचं, ही माझी जुनी खोड आहे.

माझे वडील थळचे तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. माझा थोरला भाऊ त्यांच्याच होडीवरून पाण्यात गेला तो परत आला नाही. त्यानंतर वडिलांनी मला होडीत पाऊल ठेवू दिलं नाही, शाळेत घातलं. पण कोळ्याच्या घरात जन्मून याला पाणी कळत नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून अक्षरांच्या आधी त्यांनी मला भरतीची वेळ काढायला शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की झालं. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. अवसेला आणि पुनवेला दुपारी बाराच्या सुमाराला, आणि तीही साधी नव्हे, उधाणाची. पाऊणकी पाठ होईपर्यंत मी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून मोजत असे. ती सवय हाडात मुरली. आजही कुणी तिथी उच्चारली, की माझा अंगठा आपला आपण पेरांवर चालू लागतो.

मराठी सातवी पास झालो आणि शिपाई म्हणून नोकरीला लागलो. तेव्हा विसाचं साल नुकतंच उलटलं होतं. पहिल्या वर्षी माझा थाट विचारू नका. पट्ट्याचं पितळ राखेने घासायचो, बिल्ला छातीवर सरळ आहे की नाही ते पाण्याच्या हंड्यात बघायचो. चोराला धरायचं, गरिबाला सोडवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शाळेतल्या पुस्तकात तसंच असायचं ना! आई तर साऱ्या आळीला सांगत सुटली होती, की आमच्या लेकाला पगारही आहे आणि पुण्यही आहे.

माझं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. त्यापायी चार वर्षांत माझ्या हातातली काठी गेली आणि टाक आला. मी खाडीकाठच्या एका ठाण्यात रायटर हवालदार झालो. रायटर म्हणजे ठाण्याचा लिहिणारा. फिर्याद, जबाब, रोजची डायरी, सगळं माझ्या हातचं. आणि पंचनामा. जे घडलं ते दोन तिऱ्हाईत माणसांनी डोळ्यांनी पाहिलं, असं त्या दोघांच्या सहीने किंवा अंगठ्याने लिहून ठेवायचं, त्याला पंचनामा म्हणतात. ज्यांना तो करताना कधी पाहायला मिळाला नाही, त्यांचा त्यावर फार विश्वास असतो.

आमच्या ठाण्याचे पंच ठरलेले होते. एक नाक्यावरचा न्हावी, दुसरा पेन्शनीत निघालेला एक म्हातारा शिपाई. दर वेळी त्यांना उन्हातान्हातून कुठे नेत बसायचं? म्हणून फुरसतीच्या दिवशी दोघांना बोलवायचं, चहा पाजायचा, आणि दहा-बारा कोऱ्या कागदांच्या तळाशी त्यांचे अंगठे उठवून घ्यायचे. ते कागद माझ्या टेबलाच्या खणात. त्या खणाची चावी माझ्या जानव्याला असती, पण जानवं नव्हतं, म्हणून करगोट्याला. पंचनामा करायची वेळ आली की खणातला एक कागद काढायचा आणि वर मजकूर भरायचा. यात एक कसब होतं. मजकूर बरोबर अंगठ्याच्या वर येऊन थांबला पाहिजे. मध्ये कोरी जागा राहिली, तर कुणी मागाहून काही घुसडलं असा वकील संशय घेतात. म्हणून जागा उरली की काहीबाही लिहून भरायची. मला ते साधलं होतं. शेजारी काय झाड होतं, वारा कसा होता, माती कुठल्या रंगाची होती, हे मी असं लिहायचो, की वाचणाऱ्याला वाटावं आपणच तिथे उभे आहोत. इतर ठाण्यांतले रायटर माझ्या नकला मागून न्यायचे. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करतो. पहिली दोन वर्षं मन खात होतं, नंतर खायचं थांबलं.

आमचे फौजदार घाटावरचे. गोष्टीतल्या फौजदारांसारखे ते मुळीच नव्हते. शिवीगाळ नाही, दारू नाही. माझ्या मुलीला हिवतापाने घेरलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या टांग्यातून डॉक्टर आणवला होता. मला ते कायम अहोजाहो करायचे. असा माणूस समोर असला, की त्याने सांगितलेल्या कामाला नाही म्हणणं फार जड जातं. वाईट माणसाला मी कदाचित नाही म्हटलं असतं. कदाचित.

तिसाच्या आसपासची गोष्ट. एका खोताच्या देवघरातून चांदीचा तांब्या गेला. खोताने संशय घेतला तो मिठागरावर काम करणाऱ्या एका आगऱ्यावर. संशयाला कारण एवढंच, की खोताच्या घरी फुकट राबायला यापुढे येणार नाही, असं तो भर बाजारात म्हणाला होता. जिल्ह्याचे साहेब तपासणीला यायचे होते. त्याआधी गुन्हा उघडकीला आला पाहिजे होता. आगऱ्याला आणून कोठडीत बसवला. दोन दिवसांनी सकाळी फौजदारांच्या टेबलावर चांदीचा तांब्या होता. तो कुठून आला ते मी विचारलं नाही. न विचारणं हा आमच्या नोकरीतला पहिला धडा.

"आरोपीने स्वतः काढून दिला," फौजदार म्हणाले. "मिठागराच्या बांधाबाहेर, उघाडीजवळ, तिवराच्या बुंध्याशी पुरला होता. कालची तारीख घाला, हवालदार."

उघाडी म्हणजे बांधातलं दार. त्यातून समुद्राचं पाणी मिठागरात घेतात. फौजदारांनी ती जागा कधीतरी संध्याकाळी बांधावरून फिरताना पाहिली असणार, तेव्हा तिथे चिखल वाळलेला दिसला असेल. जागा त्यांनी सांगितली, तारीख त्यांनी सांगितली. वेळ त्यांनी सांगितली नाही. ती माझ्यावर सोडली.

मी खण उघडून कागद काढला. तो नेमका असा निघाला, की न्हाव्याने अंगठा पार खाली, काठाला टेकवला होता. सगळा मजकूर लिहून झाला तरी अंगठ्याच्या वर तीन ओळींची जागा उरली. मी टाक शाईत बुडवला आणि क्षणभर डोळे मिटून ती जागा डोळ्यांपुढे आणली, माझ्या नेहमीच्या रीतीप्रमाणे. मग लिहिलं: "समयी दुपारचे बारा वाजले असून सूर्य माथ्यावर होता. तिवराची सावली बुंध्याशी पडली होती. जमीन कोरडी असून पंचांस खाली बसण्यास अडचण पडली नाही." तीन ओळी बरोबर भरल्या. फौजदारांनी वाचलं आणि म्हणाले, "अहो, तुम्ही लिहायला हवं होतं कुठेतरी!" मी खूश झालो. त्या बारा वाजता आरोपी आमच्या कोठडीत बसून माझ्या घरून आलेली भाकरी खात होता, हे मला पुरतं ठाऊक होतं. त्याचंसुद्धा काही वाटलं नाही.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कचेरीत आम्ही तारखेने जगायचो आणि घरी तिथीने. ठाण्याचा उंबरठा ओलांडला की तिथी बाहेर राहायची. मी तारीख लिहिली होती. त्या तारखेला अमावास्या होती.

खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेट पुण्याकडचे, बदलून येऊन त्यांना दोन-तीन महिने झाले होते. आरोपीला वकील नव्हता. न्हाव्याने आणि म्हाताऱ्या शिपायाने ठरल्याप्रमाणे पंचनामा आपल्यासमोर झाला म्हणून सांगितलं. मग मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली आणि पंचनामा वाचून दाखवला. शेवटच्या तीन ओळी मी जरा आवाज लावून वाचल्या. आरोपीला विचारलं, काही विचारायचं आहे का. तो खाली बघत राहिला. तेव्हा दाराशी उभी असलेली एक बाई पुढे आली. गुडघ्यापर्यंत लुगडं, पायांना मिठाने पडलेल्या भेगा. आरोपीची बायको.

"सायब, मी बोलू का?"

मॅजिस्ट्रेटांनी मान हलवली.

"त्या दिशी आवस व्हती, सायब. आमी समदी बांदावर व्हतो, उघाडीतून आगरात पानी घेयाला. बारा वाजता तय माज्या छातीइतका पानी व्हता. मंग पंच तय बसले कसे?"

कचेरीत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं. मी वर पाहिलं. पट्टेवाला खिडकीबाहेर बघत होता, तो चौलाकडचा. कारकून टाकाचं टोक पुसत होता, तो किहीमचा. बाकांवर बसलेले चार-सहा वकील, पक्षकार, सगळे खाडीकाठचे. अवसेला बारा वाजता उधाण असतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या मॅजिस्ट्रेटांना, आणि निकाल त्यांना द्यायचा होता.

ते माझ्याकडे वळले. "हवालदार, तुम्ही इथलेच ना? मला या भरती-ओहोटीतलं काही कळत नाही. त्या वेळी तिथे पाणी होतं की नव्हतं?"

माझा हात पिंजऱ्याच्या कठड्यावर होता आणि अंगठा पेरांवर चालला होता. पहिलं पेर, दुसरं, तिसरं. मला थांबवता येईना. बाईने ते पाहिलं. मोजणारा हात तिने जन्मभर पाहिलेला होता. तिच्या तोंडावर एकदम उजेड आला. हा मोजतो आहे, म्हणजे हा आपला आहे, हा सांगणार, असंच तिला वाटलं असलं पाहिजे.

"नव्हतं, साहेब," मी म्हणालो. "त्या वेळी ओहोटी होती."

त्याला दीड वर्ष सक्तमजुरी झाली.

थळ काही फार लांब नव्हतं. माझ्याआधी माझा शब्द घरी पोचला. वडील तेव्हा थकले होते, ओटीवर बसून जाळं विणायचे, म्हणजे उसवलेलं सांधायचे. मी पायरीवर वहाणा काढत होतो. त्यांनी वर न बघता विचारलं, "आवसेला बाराला ओहोटी?"

मी वहाणा भिंतीशी नीट लावत राहिलो.

"मानसाला खोटा ठरवला असतास तं येगला," ते म्हणाले. "तू दर्याला खोटा ठरवलास."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले, जेवले, नातीचे लाड केले. पण कधी भरतीची वेळ विचारायची असली तर शेजाऱ्याला हाक मारायचे. मी समोर बसलेला असलो तरी.

आठ दिवसांनी ती बाई एका वकिलांना घेऊन माझ्या घरी आली. वकील आगरदांड्याकडचे, कोकणी मुसलमान. त्यांच्या घराण्याची पूर्वी गलबतं होती. तिने त्यांना काय दिलं असेल म्हणाल, तर काही नाही. तो माणूसच तसा होता. ओटीवर बसून त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"हवालदारसाहेब, वरच्या कोर्टात अपील करतोय. मुंबईच्या बंदराचं भरतीचं पत्रक मी लावीन. पण सरकारी वकील म्हणणार, ते मुंबईचं पाणी, या खाडीचं नव्हे. वारा होता, गाळ होता, शंभर बहाणे. या खाडीबद्दल शपथेवर बोललेला इथला माणूस एकच आहे. तुम्ही. तुम्ही कागदावर एवढंच लिहून द्या, की त्या वेळी तिथे भरती होती, माझ्याकडून चूक झाली. चूक म्हणा. खोटं बोललो म्हणू नका. बाकीचं मी बघतो."

"आणि मला काय होईल?" मी विचारलं.

ते खोटं बोलले नाहीत. "नोकरी जाईल. खटलाही भरतील, कदाचित. अल्लाला माहीत."

बाई इतका वेळ पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "हवालदार, मी तुमचा आंगठा बगला. तुमाला म्हायत व्हता." एवढंच. ती रडली नाही, पाया पडली नाही. पाया पडली असती तर मला तिचा राग करता आला असता.

अपिलाची मुदत महिन्याची, त्यातले आठ-दहा दिवस गेलेले. मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार काय करायचा होता? माझी मुलगी लग्नाची होती. तुरुंगात गेलेल्या पोलिसाच्या मुलीला कोण करून घेणार? बायको म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, आणि चुलीकडे तोंड करून बसली. शेवटी मी तो कागद लिहिला. चार ओळींचा, स्वच्छ अक्षरात, खाली सही. सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. तो पोचवण्याआधी नोकरी सोडावी, असं मी मनाशी ठरवलं. म्हणजे नोकरीत असताना सरकारविरुद्ध बोलल्याचा ठपका नको. पळवाटा काढण्यात रायटराचा हात कोण धरणार!

राजीनामा मी प्रकृतीच्या कारणाने दिला. फौजदारांनी तो दोनदा वाचला. त्यांच्या लक्षात सगळं आलं होतं.

"बसा," ते म्हणाले. "तो वकील तुमच्याकडे आला होता, मला कळलंय. अहो, पंचनाम्याचं अक्षर तुमचं, शपथ तुमची. तो कागद दिलात तर आत कोण जाईल? मी तर त्या दिवशी बांधावर नव्हतोच. तुम्हीही नव्हता, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही." मग हळू आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला धमकी देत नाही. मलाही कधीकधी वाटतं, हे सोडावं आणि गावाकडे जावं. पण सोडून होतं काय? तुमच्या खुर्चीवर उद्या दुसरा बसेल. त्याचं अक्षर वाईट असेल, एवढाच फरक."

ते चुकीचं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. नोकरीला विटून बाहेर पडलेले पुढे मला चार-पाच जण भेटले. कुणी वरिष्ठाचा अपमान सांगे, कुणी बढतीतला अन्याय. थोडं कोपऱ्यात घेतलं की प्रत्येकाच्या पोटात एखादा कागद निघायचा. एकाही जणाने तो नोकरी सोडण्याआधी बाहेर काढला नव्हता. आम्ही नोकरी सोडली ती पाप धुवायला नव्हे, पापाच्या जागेवरून उठून जायला. दोन्हीत फरक आहे, आणि तो ज्याचं नुकसान झालं त्यालाच कळतो.

पट्टा-बिल्ला परत केला त्याच आठवड्यात गावात बोभाटा झाला. त्या दिवसांत सरकारी नोकऱ्या सोडण्याची लाटच आली होती. कुणी पाटीलकी सोडत होता, कुणी शाळामास्तरकी. लोकांनी मलाही त्याच रांगेत बसवलं. मी प्रकृतीचं कारण सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "समजलं, समजलं! सरकारला दुसरं काय लिहिणार?" देवळापुढे मांडव घातला. तालुक्याचे पुढारी आले. मला मध्ये बसवून सुताचा हार घातला.

वकीलसाहेब त्या गर्दीत उभे होते. हार घालून होताच ते खुर्चीजवळ आले आणि वाकून म्हणाले, "आज मुदतीचा आखरी दिवस आहे. पाच वाजता कचेरी बंद होते. बाहेर टांगा उभा केलाय."

मी आतल्या खिशाला हात लावला. कागद होता. समोर दोन-तीनशे माणसं बसली होती. आई पुढच्या रांगेत पदराने डोळे पुसत होती. उठून जायचं तर कुठे जातो ते सांगायला हवं होतं.

"माणसं बसलीत," मी म्हणालो. "हे आटोपलं की येतो."

ते आटोपेना. एकामागून एक सगळे बोलले. मग मला उभं केलं. खरं सांगतो, तेव्हासुद्धा मनात आलं, की इथेच काढावा कागद आणि वाचून दाखवावा. मी म्हणालो, "मला माझं मन टोचत होतं." टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबेपर्यंत पुढचं वाक्य माझ्या तोंडातच विरून गेलं होतं. मी खाली बसलो. पाहिलं तर वकीलसाहेब गर्दीत नव्हते. मी मांडवातून सुटलो तेव्हा साडेपाच झाले होते.

अपील त्यांनी मुदतीत, त्या कागदाशिवाय दाखल केलं. ते फेटाळलं गेलं. आठ-नऊ महिन्यांनी आगऱ्याला तुरुंगात रक्ताची हगवण लागली आणि तो तिथेच गेला. मला ते वकीलसाहेबांनी रस्त्यात थांबून सांगितलं. दोष दिला नाही. सलाम करून निघून गेले, पुन्हा कधी बोलले नाहीत.

तो कागद मी बरेच दिवस खिशात बाळगला. घामाने शाई फुटली, घड्या फाटल्या. शेवटी बायकोने सदरा धुताना त्याचा लगदा काढून टाकला.

पोट चालवायला मी कचेरीसमोर उंडीच्या झाडाखाली अर्ज लिहायला बसू लागलो. धंदा बरा चालला. देशासाठी नोकरी सोडलेला सचोटीचा माणूस म्हणून लोक लांबून यायचे. एका सकाळी ती बाई समोर येऊन बसली. कपाळ मोकळं होतं. आजूबाजूला दुसरे अर्ज लिहिणारे होते, ती त्यांना ओलांडून माझ्याकडे आली होती.

"त्याचे कपडे हायत तुरुंगात," ती म्हणाली. "एक कांबला हाय, माज्या आयशीने दिल्याला. ते मना पायजेल. अर्ज लिवा."

मी कोरा कागद पुढे ओढला आणि टाक उचलला. तिने माझा हात थांबवला. शाईच्या गादीवर स्वतःच अंगठा दाबला, कागदाच्या अगदी तळाशी उठवला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"घ्या. आंगठा आदी दिला. आता वर तुमाला काय लिवाचा ता लिवा."

तिला हे कुणी सांगितलं, न्हाव्याने की आणखी कुणी, मला कळलं नाही. मी खाली मान घालून लिहू लागलो. मयताचे नाव, कैदी नंबर, कपडे, कांबळं, विनंती. सगळं झालं, तरी अंगठ्याच्या वर तीन ओळी उरल्या. जागा कोरी ठेवायची नाही, हा हाताचा जुना नियम. मी लिहिलं: "त्या तारखेस अमावास्या होती. दुपारी बारा वाजता सदर जागी छातीभर पाणी होते. हे लिहिणाऱ्यास त्या वेळीही ठाऊक होते." तिला वाचून दाखवताना ह्या ओळी मी गाळल्या.

दीड महिन्याने ती बोचकं आणि एक सरकारी कागद घेऊन आली. कांबळं मिळालं होतं. कागदावर काय आहे ते वाचा म्हणाली. वस्तू पोचल्याची पावती होती, आणि खाली लाल शाईत शेरा: अर्जातील अखेरच्या तीन ओळींचा विषयाशी संबंध दिसून येत नाही. मी तोही वाचला. न वाचता पुढे जायचं मला सुचलं नाही.

"कंच्या तीन ओली?" तिने विचारलं.

आता सांगणं भाग होतं. ओळी मला पाठ होत्या. मी त्या म्हणून दाखवल्या. शेवटपर्यंत म्हटल्या. मला वाटलं ती ओरडेल, थुंकेल. खरं सांगायचं तर तिने तसं करावं अशी माझी इच्छा होती.

तिने कांबळ्याची घडी नीट केली आणि बोचक्याला गाठ मारली.

"ता तं मना म्हायतच व्हता," ती म्हणाली. "सायबाला सांगाचा व्हता."

ती बोचकं डोक्यावर घेऊन बांधाच्या वाटेने निघाली. पुनव जवळ आली होती, मिठागरात पाणी घ्यायचं होतं.